दुधातला मांडा

“ही पुंडलिकची,” असं म्हणून जिजीनं मूठभर गहू सुपात सोडले. वर आणखी चिमूटभर, म्हणजे सव्वा मूठ झाली. “ही यशवंताची. ही यशवंताच्या बबनची.”

श्रावण लागला होता आणि कानबाई तोंडावर आली होती. आमच्या खानदेशात ही देवी पाहुणी येते, एक रात्र मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर जाते. तिच्या नैवेद्याचे रोट गव्हाचे, आणि ते गहू घरातल्या पुरुषांच्या, म्हणजे वडील, काका आणि चुलतभावाच्या, नावानं मुठी मोजून घ्यायचे, ही आमच्या घरची रीत. मुठी मोजायचा मान जिजीचा, म्हणजे माझ्या वडिलांच्या आईचा. मोजताना ती अशी काही बसायची की जणू सगळं घर तीच पुन्हा एकदा जन्माला घालते आहे.

मी उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसले होते. वय नऊ, पण पाहणाऱ्याला पाचाची वाटायचे.

“जिजी, माझ्या नावानं?”

“पोरींच्या नावानं मूठ नसते, बाय.”

“का?”

“पोरी दुसऱ्याच्या घरच्या.”

“मग मी दुसऱ्याच्या घरी कधी जाणार?”

“आधी जग तर खरी,” जिजी बोलून गेली, आणि लगेच तिनं जीभ चावली.

चुलीपाशी माय कणीक तिंबत होती. तिचा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पण आधीपेक्षा जोरात. माझ्याआधी तिला दोन मुलगे झाले होते, सोपान आणि मुरली. दोघंही चालायला लागायच्या सुमाराला वाळत गेले आणि गेले. आमच्या घरात त्यांची नावं कुणी घेत नसे. जिजी मात्र शेजारणींशी बोलताना आवाज खाली करून म्हणायची, “द्वारकाच्या कुशीलाच काहीतरी आहे.” तिचा खालचा आवाजही चांगला दोन घरं ऐकू जायचा.

माझं लहानपण आठवतं ते असं अर्धवट झोपेतलं. अंगात रक्त नसलं की माणूस जागेपणीही थोडं झोपेतच असतं, हे मला मोठेपणी कळलं. तेव्हा वाटायचं, सगळ्यांनाच जग असं दिसतं, जरा लांब आणि जरा हलतं. माय मांडे करायची, आणि तिच्या मांड्यांना बोरी नदीकाठच्या गावागावांतून बोलावणं असायचं. पुरण भरलेला उंडा ती हातावर घ्यायची आणि दोन्ही हातांवर फिरवत फिरवत इतका पातळ करायची की त्यातून तिच्या बांगड्या दिसायच्या. मग तो मांडा चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद पडायचा. झरोक्यातल्या उन्हात पिठाचे कण तरंगत असायचे. मला वाटायचं, माय कणीक नव्हे, ऊनच ताणते आहे. त्याच उन्हात डोळे मिटून मी तासन् तास पडून राहायचे.

पोट नगाऱ्याएवढं, हातपाय काड्या, आणि सारखं पोट बिघडलेलं. त्यावर घरात एक औषध ठरलेलं होतं. पोरगी फारच मलूल झाली की दुधात कुस्करलेला मांडा द्यायचा. भाकर जड, मांडा हलका, यावर आमच्या सगळ्या गल्लीचं एकमत होतं. माय वाटीत मांडा चुरायची, दूध ओतायची आणि बोटांनी मऊ मऊ करून मला भरवायची. तिच्या बोटांना वेलदोड्याचा वास असायचा. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग आदल्या वर्षीच्या नवरात्रात एक गंमत झाली. जिजीबरोबर मीही हट्टानं उपवास धरला. भगर, साबुदाणा, राजगिऱ्याचा लाडू, उकडलेला बटाटा. माळा चढत गेल्या तशी मी उठून बसायला लागले, मग अंगणात गेले, आणि घट उठायच्या आत बायकांच्या फेरात चक्क नाचले. गल्लीत बोभाटा झाला की पुंडलिकच्या पोरीच्या अंगात देवी आली! एक म्हातारी येऊन माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि “सुखी राहा” म्हणाले. काय सांगू, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दसऱ्याला गोडधोड झालं, मला वाटीभर दुधातला मांडा मिळाला, आणि थोड्याच दिवसांत मी पुन्हा भिंतीला लागले. जिजी म्हणाली, देवी गेली. चैत्राच्या नवरात्रात तसंच झालं, उपवास धरला आणि मी उठले. तेव्हा मात्र माय म्हणाली, “हिचा उपवास आता सोडायचा नाही.” कारण तिला ठाऊक नव्हतं, पण डोळे होते ना तिला. तेव्हापासून मी उपवासावरच होते. जिजी मला देवीचं लेकरू म्हणायची आणि आल्यागेल्याला दाखवायची. मी हिंडतफिरत होते, पण वाढत नव्हते. फ्रॉक तोच, चपला त्याच.

त्या दिवशी जिजीच्या मुठी मोजून होतात न होतात, तोच दारात डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. तारा सबनीस त्यांचं नाव. मुंबईहून आल्या होत्या. न वाढणाऱ्या पोरांचा अभ्यास करत शाळाशाळांतून हिंडायच्या. आषाढात त्यांनी आमच्या वर्गाची उंची मोजली होती आणि माझं रक्त काढून नेलं होतं. उंच बाई, खांद्याला कापडी पिशवी, आणि चपला दाराबाहेर काढून आत येणाऱ्या. त्यामुळे जिजीनं त्यांना निम्मं माफ केलं.

“द्वारकाताई, हिच्या रक्तात लोह फार कमी आहे,” त्या म्हणाल्या. “पण ज्या आजाराची मला शंका होती, त्याची खूण रक्तात नाही. म्हणून विचारायला आले. ही खाते काय?”

“देवीचं खाते,” जिजीनं परस्पर उत्तर दिलं. “चैत्रापासून उपवास आहे तिचा.”

“आणि त्याच्या आधी?”

मायनं सगळं सांगितलं. मांड्यांचं काम, दूध, नवरात्र, दसरा, माझं उठणं आणि पडणं. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी परातीतला कणकेचा गोळा उचलला आणि दोन्ही हातांनी ताणला. तो लांब लांब होत गेला, पण तुटला नाही.

“हे बघा. हा जो चिवटपणा आहे ना गव्हातला, ज्याच्यामुळे तुमचा मांडा फाटत नाही, तोच काही जणांच्या आतड्याला सोसत नाही. आतडं आतून झिजतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही.”

“अगं बाई!” जिजी उभी राहिली. “गव्हाला नावं ठेवता? लक्ष्मी आहे ती!”

“नावं नाही ठेवत, आजी. तुम्हाला सोसतो, मलाही सोसतो. हिला सोसत नसावा. उपवासात गहू नसतो, म्हणून ही उठते.”

“उठते ती देवीमुळे.”

“तसंच म्हणा. देवीनं गहू बंद केला आणि पोरगी उठली.”

जिजी विचारात पडली. देवीचं नाव पुढे केल्यावर तिला भांडता येईना.

मायनं हात पुसले. “मग झालं की. गहू देत नाही तिला. जन्मभर देणार नाही.”

“आणि जन्मभर भगर-साबुदाण्यावर ठेवणार? तेवढ्यावर पोर कशी वाढेल, ताई? नुसता गहूच वैरी असेल, तर ही ज्वारी खाईल, बाजरी, भात, डाळ, सगळं पोटभर खाईल. पण दुसरंच काही असेल, आतड्याचा क्षय असेल, तर उपवास करत बसण्यात वेळ जाईल आणि पोर हातची जाईल. खात्री करायला हवी.”

“करा मग.”

डॉक्टरीणबाईंनी गोळा परत परातीत ठेवला. “तिथंच अडचण आहे. पोटात गहू नसेल तर खूण दिसत नाही. रक्तातून जाते, आतडंही भरून येतं. तिला पुन्हा गहू खायला द्यावा लागेल. रोज. पितृपक्ष संपेपर्यंत. मग मुंबईला आणा. तोंडातून बारीक नळी घालून आतड्याचा तुकडा काढू आणि बघू.”

“पुन्हा आजारी पडेल ती!”

“पडेल.”

“म्हणजे चोर ओळखायला चोराला मीच घरात घ्यायचं? आणि पोरीला त्याच्या हवाली करायचं?”

“मी लक्ष ठेवीन. दर आठवड्याला येईन. फार झालं तर त्या दिवशी थांबवू. पण ठरवायचं तुम्ही. नाही म्हणालात तरी माझा राग नाही.”

माय उठून परसात गेली. मला खिडकीतून दिसत होती. ती शेवग्याखाली उभी होती आणि तिच्या हातांना कणीक तशीच होती. ती देवाशी बोलत होती की त्या दोघांशी, मला माहीत नाही. परत आली तेव्हा तिचा आवाज कोरडा होता.

“कानबाईच्या रोटापासून सुरू करते,” ती म्हणाली.

कानबाई आली. चौरंगावर नारळ, नारळाला नथ, अंगभर साडी, बाजूला तेलाचे दिवे. बायका गात होत्या. मायनं रोटाचा तुकडा दुधात कुस्करला आणि वाटी घेऊन माझ्यापुढे बसली.

“तूच म्हणालीस ना गहू नको म्हणून?”

“आता खा गं, बाय माझी.”

“का?”

“कानबाईला काहीतरी विचारायचंय.”

“तूच विचार की.”

“तुझ्याकडूनच उत्तर येणार आहे,” ती म्हणाली. मग तिनं एक घास मला भरवला आणि एक स्वतः खाल्ला. पुढे रोज असंच चाललं, एक घास मला आणि एक तिला. आप्पा, म्हणजे माझे वडील, एस.टी.त कंडक्टर होते. घरी आले की दारातूनच आधी माझ्याकडे बघायचे. एकदा ते मायला म्हणाले, “तू कशाला खातेस तिच्या वाटीतलं? तुलाही तर पचत नाही.” माय म्हणाली, “तिला जे होईल ते मला होऊ दे.”

आणि झालंच. गणपती बसेपर्यंत माझं पोट पुन्हा फुगलं. गौरी आल्या त्या मी आडव्यानंच पाहिल्या. जग पुन्हा लांब गेलं आणि हलायला लागलं. झरोक्यातलं ऊन भिंतीवरून उतरायचं, माझ्या पांघरुणावर यायचं आणि निघून जायचं. कधी वाटायचं, खापरावर मांडा पडतो आहे आणि त्या मांड्यावर मीच निजले आहे, हलकी, पारदर्शक. कधी नथवाली कानबाई उशाशी येऊन बसायची. मी तिला म्हणायचे, “मायला काय विचारायचंय ते सांगून टाक ना.” ती नुसती नथ हलवायची.

जिजीनं एकदा वाटी मायच्या हातातून हिसकावली. “बास झालं! दोन खाल्लेस, आता हिलाही खाणार आहेस का?”

मायनं वाटी परत घेतली, मला एक घास भरवला आणि स्वतः एक खाल्ला. तिचे डोळे वाहत होते आणि हात मात्र अगदी ठाम होता. मला तिचा फार राग आला. वाटलं, हिला मी नकोच आहे. मी भिंतीकडे तोंड केलं. दर आठवड्याला डॉक्टरीणबाई यायच्या, माझी नाडी बघायच्या, वजन करायच्या आणि मायला विचारायच्या, “थांबायचं का?” माय म्हणायची, “आता मधेच थांबले तर एवढं भरवलेलं वाया जाईल.”

सर्वपित्री झाली आणि आम्ही मुंबईला गेलो. इस्पितळ मला आठवतं ते फक्त पांढरं. हाताला सुई टोचली, कुणीतरी म्हणालं, “दहापासून उलटे आकडे म्हण,” आणि मी उन्हात पडले. जागी झाले तेव्हा घसा खवखवत होता आणि मायचं बोट माझ्या मुठीत होतं. डॉक्टरीणबाईंच्या अभ्यासात घरच्यांचंही रक्त तपासत, म्हणून मायचं आणि आप्पांचंही काढलं होतं.

उत्तर आलं त्या दिवशी नवरात्राची सातवी माळ होती. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून मायच्या अगदी जवळ बसल्या.

“गहूच,” त्या म्हणाल्या. “दुसरं काही नाही. आतडं झिजलेलं दिसलं, रक्तातही खूण आली. आज गहू बंद, की आजपासून ही बरी व्हायला लागेल. नक्की होईल. पण गहू कायमचा बंद. रवा, मैदा, शेवया, सगळं. गव्हावर दळलेलं पीठसुद्धा नको.”

आप्पा मटकन पलंगावर बसले आणि हसायलाच लागले. माय हसली नाही.

“आणि द्वारकाताई, तुमच्या रक्तातही तीच खूण आहे.”

“माझ्या?”

“हा आजार घराण्यातून येतो. तुमचा थकवा, तोंड येणं, पोट बिघडणं, ते सगळं यानंच असावं.”

“ते होय?” माय म्हणाली. “मला वाटायचं बाईमाणसाला असायचंच तेवढं.”

मग ती बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिली. मी पलंगावरून तिच्याकडे बघत होते.

“डॉक्टरीणबाई, माझी दोन पोरं गेली. अंगावर पीत होती तोवर गुटगुटीत होती. त्यांचं उष्टावण मीच केलं. दुधात मांडा कुस्करून.” ती थांबली. “ती वाळायला लागली तसा मी जास्तच भरवला. मऊ असतो म्हणून.”

आप्पांचं हसू कुठल्या कुठे गेलं.

“त्यांनाही हेच होतं का?”

“आता तपासता यायचं नाही, ताई. पण असावं, असं मला वाटतं. तुमच्याशी खोटं बोलणार नाही.”

“मऊ असतो म्हणून दिला हो मी,” माय पुन्हा म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. “मला माहीत आहे. तुम्हाला कळायला काही मार्गच नव्हता. तुमच्या गावात सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून तर मी हिंडते आहे. आणि हेही ऐका. जी गोष्ट करायला माझ्यासमोर भल्या भल्या शिकलेल्या आया कचरतात, ती तुम्ही केलीत. म्हणून ही वाचली.”

तेव्हा मला कळलं की ती वाटी घेऊन माझ्यापुढे रोज कोण बसत होतं. दोन पोरं गमावलेली बाई, तिसरीला हातानं तेच भरवत होती, आणि घास मोजून स्वतःही खात होती. मी म्हणाले, “माय, मला भूक लागली.” तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, “आज उपवास नाही हं. आज भात खायचा.” नवरात्राच्या सातव्या माळेला मी वरणभात खाल्ला, भांडं पुसून.

घरी परतल्यावर आप्पांनी जिजीला अंगणात बसवून सगळं सांगितलं. मी कान देऊन ऐकत होते. दुसऱ्या दिवशी जिजीनं माळ्यावरचं जुनं जातं खाली काढायला लावलं. गिरणीत गहू असतो, म्हणून. मायनं मांड्यांची चूल परसात हलवली. काम संपलं की अंघोळ करून, लुगडं बदलूनच ती माझ्या ताटाला हात लावायची. मांडे तिनं पुढे कित्येक वर्षं केले, पण एकही चाखला नाही.

मी वाढले. वर्षभरात दोन फ्रॉक आखूड झाले. आप्पा दारातून बघायचे आणि म्हणायचे, “अरे, ही कोण उंच बाई आली आमच्याकडे?”

पुढच्या श्रावणात कानबाई तोंडावर आली आणि जिजी सूप घेऊन बसली. मी उंबऱ्याशी होते, पण आता टेकून बसत नव्हते. सुपाशेजारी गव्हाचं पोतं दिसेना. दादर होती, आमच्याकडची पांढरीशुभ्र ज्वारी.

“जिजी, रोट ज्वारीचे?”

“कानबाईला विचारलंय मी. तिची ना नाही.” जिजीनं मूठ भरली. “ही पुंडलिकची. ही यशवंताची. ही बबनची.” मग ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि मूठ पुन्हा भरली. “ही ललिताची.”

“पण पोरींच्या नावानं तर...”

“गप. मोजताना मधे बोलू नये.” वर चिमूटभर टाकून तिनं पुढची मूठ घेतली. “ही द्वारकाची.”

चुलीपाशी मायनं मान वर केली.

जिजीनं आणखी एक मूठ भरली. “ही सोपानची,” ती म्हणाली. “आणि ही माझ्या मुरलीची.”

ती नावं त्या घरात इतक्या वर्षांनी कुणीतरी मोठ्यानं घेतली होती. माय तोंडाला पदर लावून रडायला लागली. आधी आवाज नव्हता, मग ती मोकळी ओक्साबोक्शी रडली. जिजी उठून तिच्याजवळ गेली आणि तिचं डोकं पोटाशी धरून उभी राहिली.

“फार बोलले गं मी तुला,” ती म्हणाली. “फार बोलले.”

थोड्या वेळानं मायनं डोळे पुसले, सूप उचललं आणि जात्यापाशी जाऊन बसली. मी समोर बसून खुंटा धरला. त्या वर्षी माझ्या हातांत तेवढा जोर आला होता.